जेवणाआधीचा होकार

‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हा स्टॅन्ली क्रेमर यांनी निर्मिलेला आणि दिग्दर्शित केलेला चित्रपट अमेरिकेत डिसेंबर १९६७मध्ये झळकला. गोरी मुलगी, काळा डॉक्टर, दोघांनी परस्पर ठरवलेले लग्न आणि ते कळल्यावर दोन्ही घरांत उडालेली खळबळ, एवढाच त्याचा विषय. हॉलिवूडच्या बड्या कंपनीने पहिल्या फळीतल्या नटनट्यांना घेऊन काळ्या-गोऱ्यांचे लग्न पडद्यावर आणावे आणि ते सुखाने जुळूही द्यावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या विषयावर जे जे चित्रपट निघाले त्यांच्या चर्चेत या चित्रपटाचे नाव येतच राहिले; कधी कौतुकाने, बऱ्याचदा तक्रारीच्या सुरात.

कथा एका दिवसात घडते. तेवीस वर्षांची जोआना ड्रेटन, घरच्यांची जोई, हवाई बेटांवरची सुटी संपवून सॅन फ्रान्सिस्कोला परतते ती डॉ. जॉन प्रेंटिसला सोबत घेऊनच. ओळख होऊन जेमतेम दहा दिवस झालेले. जॉन सदतीस वर्षांचा विधुर. त्याची बायको आणि मुलगा आठ वर्षांपूर्वी बेल्जियममध्ये आगगाडीच्या अपघातात गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी त्याला त्याच रात्री न्यूयॉर्कमार्गे जिनिव्हाला निघायचे आहे. जोईचे वडील मॅट ड्रेटन एका पुरोगामी वृत्तपत्राचे मालक. आई क्रिस्टिना कलादालन चालवते. गोरा काळ्यापेक्षा श्रेष्ठ असतो असे मानणे हा मूर्खपणा आहे, हे या घराने लेकीला लहानपणापासून शिकवले. त्यामुळे आईबाप नाही म्हणतील ही शंकासुद्धा जोईच्या मनाला शिवत नाही. जॉनने जग पाहिले आहे. तो जोईच्या नकळत मॅट आणि क्रिस्टिनाला गाठतो आणि सांगून टाकतो की दोघांचीही मनापासून संमती नसेल तर हे लग्न होणार नाही, आणि उत्तर तो विमानात बसण्याआधी हवे. इकडे जोई उत्साहाच्या भरात जॉनच्या आईवडिलांना लॉस एंजेलिसहून जेवायला बोलावून बसते. सून गोरी आहे हे त्यांना विमानतळावर ती समोर आल्यावरच कळते.

विल्यम रोझ यांच्या पटकथेचा सगळा डोलारा जॉनच्या त्या अटीवर उभा आहे. सदतीस वर्षांच्या, जगभर नाव झालेल्या माणसाला लग्नासाठी सासऱ्याचा होकार लागावा असे काही नाही. कॅलिफोर्नियात कायद्याचीही आडकाठी नव्हती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहावरची बंदी १९४८मध्येच मोडीत काढली होती. जॉनने अट घातली नसती तर चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात संपला असता. अट घातल्यामुळे प्रश्न फिरतो. या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे का, हे कोणी विचारतच नाही. ते सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. प्रश्न उरतो तो मॅटचा. आयुष्यभर अग्रलेखांतून मांडलेली मते आता त्याच्या उंबरठ्यावर येऊन उभी आहेत, आणि त्याला घड्याळ लावून दिलेले आहे. काळ्या-गोऱ्यांच्या प्रेमाची म्हणून ओळखली जाणारी ही गोष्ट प्रत्यक्षात एका भल्या, सुशिक्षित बापाच्या परीक्षेची आहे. चित्रपटाचे बळ त्यातच आहे आणि पुढे त्यावर झालेल्या टीकेचे मूळही त्यातच.

त्या काळची अमेरिका डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या परीक्षेची धार कळत नाही. गॅलप संस्थेने १९५८मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाबद्दल लोकांना विचारले तेव्हा अवघ्या ४ टक्क्यांनी पसंती दर्शवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये व्हर्जिनियातला गवंडीकाम करणारा गोरा रिचर्ड लव्हिंग आणि मिल्ड्रेड जेटर यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले, कारण व्हर्जिनियात असे लग्न हा गुन्हा होता. गावी परतल्यावर काही आठवड्यांत पोलिसांनी रात्री घरात शिरून त्यांना अटक केली. जानेवारी १९५९मध्ये त्यांना एक वर्षाची कैद झाली; पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहिलात तर शिक्षा अमलात येणार नाही, अशी ती मेहेरबानी होती. हा खटला वर चढत गेला आणि १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले सर्व कायदे घटनाबाह्य ठरवले. निकाल एकमताचा होता. त्या दिवसापर्यंत १६ राज्यांत हे कायदे लागू होते.

क्रेमर यांचे चित्रीकरण त्याआधी संपले होते. त्यामुळे एक गंमत झाली. चित्रपटात जॉनचे वडील मुलाला बजावतात की सोळा-सतरा राज्यांत हे लग्न बेकायदेशीर ठरेल. डिसेंबरमध्ये प्रेक्षकांनी हे वाक्य ऐकले तेव्हा ते कायद्याच्या दृष्टीने शिळे झाले होते. व्यवहारात मात्र ताजेच होते: १९६८च्या पाहणीतही अशा लग्नाला मान्यता देणारे लोक २० टक्केच निघाले. न्यायालयाने एका दिवसात जे बदलले ते जेवणाच्या टेबलाभोवती बदलायला दशके लागली. २०२१मध्ये हेच प्रमाण ९४ टक्क्यांवर गेलेले दिसते.

पडद्यावरची बंदीही जुनी सवय होती. हॉलिवूडने १९३०मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या आणि १९३४पासून कडकपणे पाळल्या गेलेल्या आचारसंहितेत काळ्या-गोऱ्यांचे शरीरसंबंध दाखवायला मनाई होती. ते कलम १९५६मध्ये निघाले. तोवर निर्माते पळवाटा काढत. १९४९च्या ‘पिंकी’त मिश्र वंशाच्या नायिकेची भूमिका जीन क्रेन या गोऱ्या नटीला दिली गेली, म्हणजे कथेत वंश वेगळे, पडद्यावर दोन्ही चेहरे गोरेच. बंदी उठल्यावरही हात आखडतेच राहिले. १९५७च्या ‘आयलंड इन द सन’मध्ये हॅरी बेलाफॉन्टे आणि जोन फॉन्टेन एकमेकांकडे नुसते पाहत राहतात. १९६५च्या ‘अ पॅच ऑफ ब्लू’मध्ये सिडनी पॉटिए आणि एलिझाबेथ हार्टमन यांचे चुंबन होते, ते दक्षिणेत दाखवताना कापले गेले. क्रेमर यांनीही सावधपणा सोडला नाही. जॉन आणि जोईचे चुंबन एकदाच, सुरुवातीला, टॅक्सीत दिसते. तेही चालकाच्या आरशात, त्याच्या कपाळावरच्या आठीसह.

क्रेमर हे सामाजिक विषयांचे ठरलेले दिग्दर्शक. दोन पळालेले कैदी, एक काळा आणि एक गोरा, साखळीने एकमेकांना बांधलेले दाखवणारा ‘द डिफायंट वन्स’ (१९५८) त्यांचाच. त्यात पॉटिए होते. ‘इनहेरिट द विंड’ (१९६०) आणि ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’ (१९६१) यांत स्पेन्सर ट्रेसी होते. मॅटसाठी पुन्हा ट्रेसी आणि क्रिस्टिनासाठी कॅथरीन हेपबर्न, ही जोडी ठरली. दोघांचा हा नववा एकत्र चित्रपट. पहिला ‘वुमन ऑफ द इयर’ १९४२चा. जोईची भूमिका हेपबर्न यांची सख्खी भाची कॅथरीन हॉटन हिने केली. पॉटिए तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी मुख्य अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय नट, आणि १९६७ या एका वर्षात त्यांचे ‘टू सर, विथ लव्ह’, ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आणि हा, असे तीन गाजलेले चित्रपट आले.

अडचण ट्रेसींच्या प्रकृतीची होती. त्यांचे हृदय इतके खालावले होते की कोणतीही विमा कंपनी त्यांचा विमा उतरवायला तयार नव्हती, आणि विम्याशिवाय कोलंबिया कंपनी पैसा ओतायला तयार नव्हती. क्रेमर आणि हेपबर्न यांनी आपापले मानधन तारण ठेवले, तेव्हा गाडी पुढे सरकली. ट्रेसींकडून दिवसाला काही तासच काम घेतले जाई. त्यांचे शेवटचे दृश्य पुरे झाल्यावर जेमतेम अडीच आठवड्यांनी, १० जून १९६७ रोजी, ते गेले. लव्हिंग खटल्याचा निकाल त्यानंतर दोन दिवसांनी लागला. हेपबर्न यांनी हा चित्रपट नंतर कधीही पाहिला नाही असे त्या सांगत. पॉटिए यांच्यावर या दोन दिग्गजांचे एवढे दडपण होते की एका दृश्यात त्यांना संवादच सुचेनात. अखेर ट्रेसी आणि हेपबर्न घरी गेल्यावर त्यांनी दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून ते दृश्य पुरे केले, असे त्यांनी आत्मकथनात लिहिले आहे.

तंत्राच्या बाजूने चित्रपट त्याच्या काळातही जुनाट वाटला. ड्रेटनांच्या गच्चीवरून दिसणारा सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर रंगवलेला पडदा आहे आणि तो तसा कळतो. मोटारीच्या दृश्यांत मागचा रस्ता प्रक्षेपित केलेला आहे. पात्रे खोलीत येतात, बोलतात, दुसऱ्या खोलीत जातात. नाटकाचा अंक चालावा तसे. त्याच वर्षी ‘बॉनी अँड क्लाइड’ आणि ‘द ग्रॅज्युएट’ आले होते आणि हॉलिवूडची भाषा बदलत होती. त्यांच्या शेजारी क्रेमर यांचा चित्रपट वीस वर्षे मागचा दिसे. पण बोलण्यावर चालणाऱ्या या चित्रपटात काही बोलणी अशी आहेत की ती आजही टोचतात.

त्यांतले एक टिलीचे. टिली (इझाबेल सॅनफर्ड) ही ड्रेटनांकडे वर्षानुवर्षे घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई. जोईला तिने हातावर वाढवलेले. या लग्नाला घरात सर्वांत उघड आणि सर्वांत तिखट विरोध तिचा आहे. जॉनला एकटे गाठून ती त्याच्यावर तोंडसुख घेते. आपल्यातलाच एक जण पायरी सोडून वर चढू पाहतो हे तिला खपत नाही. चित्रपट तिच्याकडे थोडे विनोदाने पाहतो, आणि तिथेच तो चुकतो. ज्या बाईला या घरात घरच्यासारखे मानतात, ती जेवणाच्या टेबलावर कधीच बसणार नसते. टिलीच्या रागाला याहून मोठे कारण आहे आणि पटकथेने ते उकलले नाही. दुसरे दृश्य क्रिस्टिनाच्या कलादालनातल्या हिलरी या सहकारी बाईचे. बातमी कानावर येताच ती खोटी हळहळ घेऊन दारात हजर होते. क्रिस्टिना तिला मोटारीपर्यंत पोचवते आणि अतिशय शांतपणे, हिशेब चुकता करायला सांगून, कामावरून काढून टाकते. क्रिस्टिनाचा होकार पक्का झाला हे तिच्या नवऱ्याशी झालेल्या बोलण्यांपेक्षा या मिनिटभराच्या दृश्यातून जास्त कळते.

मॅटची घालमेल पटकथा आडवळणाने दाखवते. त्याला सरळ नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणायला कारण सापडत नाही. तो आधी कार्यालयात फोन करून जॉनची माहिती काढायला लावतो. येते ती पदव्या, प्राध्यापकपदे आणि ग्रंथांची लांबलचक यादी. मग तो मुलांच्या काळजीचा आडोसा घेतो: हे लग्न जगाला सोसवणार नाही, पोरांचे हाल होतील. ओळखीचा हा युक्तिवाद. माझी हरकत नाही हो, पण लोक काय म्हणतील, असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा त्या लोकांतलाच एक असतो. त्याचा मित्र, कॅथलिक धर्मगुरू मॉन्सिन्योर रायन, त्याला नेमके हेच हसत हसत ऐकवतो. बायकोबरोबर आइस्क्रीम खायला गेलेला मॅट मोटार मागे घेताना एका काळ्या तरुणाच्या गाडीला धडक देतो आणि रस्त्यावर तमाशा होतो. नुकसानभरपाई म्हणून तो पैसे त्या पोराच्या हातात कोंबतो. पुरोगामी संपादकाचा काळ्या माणसाशी रोजचा संबंध कितपत होता, हे त्या प्रसंगातून न बोलता समजते.

रात्री व्याही-विहिणी येतात आणि चित्रपटाला नवा जीव येतो. श्री. प्रेंटिस (रॉय ग्लेन) निवृत्त पोस्टमन. टपालाची पिशवी खांद्यावर टाकून हजारो मैल पायपीट केली, तुझ्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढला, असा हिशेब ते मुलापुढे मांडतात. जॉन तो हिशेब नाकारतो. बापाने मुलासाठी केले ते बापाचे कर्तव्यच, त्यात मुलावर कर्ज चढत नाही, असे तो सांगतो. आणि पुढे म्हणतो की वडील स्वतःला काळा माणूस समजतात, तो स्वतःला नुसता माणूस समजतो. पॉटिए यांचा सगळा संयम या एका दृश्यात सुटतो. इतर वेळी अंगावर घट्ट बसवलेला सभ्यपणा गळून पडतो आणि दोन काळ्या पिढ्यांमधला वाद समोर येतो. गोऱ्या बापाच्या मनाभोवती फिरणाऱ्या चित्रपटात गोऱ्यांचा पायरवही नसलेले हे दृश्य सर्वांत खरे उतरले आहे.

दुसऱ्या बाजूला बिया रिचर्ड्स यांची सौ. प्रेंटिस. ती मॅटला गच्चीवर गाठते. आवाज चढवत नाही, युक्तिवादही करत नाही. म्हातारे झालेले पुरुष तरुणपणी आपल्याला काय वाटत होते ते विसरतात, एवढेच ती म्हणते, आणि तिच्या नवऱ्याला आणि मॅटला एकाच तागडीत टाकते. दोन आया एका बाजूला, दोन बाप दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे. वर्णाच्या रेघेवर पुरुष-स्त्रियांची दुसरी रेघ ओढलेली. रिचर्ड्स यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. मॅटचा निर्णय फिरतो तो या बाईच्या वाक्यांनी. शेवटी सर्वांना दिवाणखान्यात बसवून तो लांबलचक भाषण करतो. सौ. प्रेंटिस म्हणाल्या त्याच्याशी तो सहमत नाही, कारण आपल्याला सगळे आठवते, असे तो बायकोकडे पाहून सांगतो. हेपबर्न यांच्या डोळ्यांत पाणी आहे. ते अभिनयाचे की दुसरे कशाचे हे प्रेक्षकांना चांगले ठाऊक होते. ट्रेसी विवाहित कॅथलिक होते, त्यांनी घटस्फोट घेतला नाही, आणि दोघांचे नाते पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालले होते. भाषण संपते, मॅट टिलीला जेवण वाढायला सांगतो, आणि पाने मांडली जातात.

हे भाषण गाजले खरे. पण त्यात एक गोष्ट खटकते. जोईला जॉनची अट तिथेच, सर्वांसमोर, प्रथम कळते, आणि त्यावर बोलण्याची तिला उसंत मिळत नाही. जॉनची आई, जोईची आई, धर्मगुरू, टिली, सगळे ऐकणारे. बोलणारा एकच. काळ्या बापाने मन बदलले की नाही हेही मॅट त्याला न विचारता गृहीत धरतो. गोऱ्या बापाचा होकार आला की प्रश्न सुटला, हा या चित्रपटाचा हिशेब आहे.

कृष्णवर्णीय लेखकांनी नेमके यावरच बोट ठेवले. सप्टेंबर १९६७मध्ये, हा चित्रपट येण्याआधीच, नाटककार क्लिफर्ड मेसन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गोऱ्या अमेरिकेला पॉटिए एवढे का आवडतात असा खोचक प्रश्न टाकला होता. गोऱ्यांच्या अडचणी सोडवणारा, राग गिळणारा, निर्दोष काळा माणूस हे पॉटिए यांचे पडद्यावरचे रूप त्यांना नकोसे झाले होते. जॉन प्रेंटिस त्याचा कळस आहे. जगप्रसिद्ध डॉक्टर, देखणा, विनयशील. लग्नाआधी जोईच्या जवळ जायलाही त्याने नकार दिलेला. जेम्स बॉल्डविन यांनीही ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ (१९७६) या पुस्तकात या चित्रपटाची कठोर चिकित्सा केली. क्रेमर यांचे उत्तर ठरलेले होते. जॉनमध्ये एखादे वैगुण्य ठेवले असते तर मॅटला आणि प्रेक्षकाला त्याआड लपता आले असते. सगळी वैगुण्ये काढून घेतली की विरोधाला एकच कारण उरते, कातडीचा रंग. युक्तिवाद बिनतोड आहे, पण गणितासारखा. त्यातून प्रमेय सिद्ध होते आणि माणूस हरवतो. ज्या उन्हाळ्यात नेवार्क आणि डेट्रॉइट दंगलींनी पेटली, त्याच वर्षाच्या अखेरीस पडद्यावर आलेला हा मवाळ डॉक्टर काळ्या तरुणांना आपला वाटला नाही, यात नवल नाही.

थिएटरांत मात्र गर्दी लोटली, दक्षिणेतही. वास्तवही चित्रपटाशी स्पर्धा करू लागले होते. एका दृश्यात जॉन थट्टेने म्हणतो की जोईला आपली सगळी मुले राष्ट्राध्यक्ष होतील असे वाटते, आपण परराष्ट्रमंत्रिपदावर समाधान मानू. चित्रपट येण्याच्या अडीच महिने आधी, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्याच मुलीने एका कृष्णवर्णीय तरुणाशी लग्न केले. रस्क मूळचे जॉर्जियाचे, म्हणजे दक्षिणेचे. सरकारची अडचण होत असेल तर पद सोडण्याची तयारी त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे दाखवली होती असे सांगितले जाते. तशी वेळ आली नाही. जॉनच्या थट्टेतला दुसरा अर्धा भागही खरा व्हायचा होता. केनियातून आलेला विद्यार्थी आणि कॅन्ससमध्ये जन्मलेली गोरी तरुणी यांनी १९६१मध्ये हवाईतच लग्न केले होते. त्यांचा मुलगा बराक ओबामा हा चित्रपट आला तेव्हा सहा वर्षांचा होता.

चित्रपटाला दहा ऑस्कर नामांकने होती आणि त्यांतली दोन पदरात पडली: हेपबर्न यांना अभिनेत्रीचे आणि रोझ यांना मूळ पटकथेचे. ट्रेसींचे नामांकन मरणोत्तर होते. पॉटिए यांना त्या वर्षी तीनही चित्रपटांपैकी एकाहीसाठी नामांकन मिळाले नाही. ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, म्हणून ८ तारखेचा सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला. किंग यांच्या हत्येचे पडसाद खुद्द चित्रपटातही उमटले. जेवायला आता आणखी कोण येणार, रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग का, अशा अर्थाचे टिलीचे एक उपरोधिक वाक्य होते. हत्येनंतर ते प्रतींमधून काढून टाकले गेले आणि पुढे पुन्हा जोडले गेले.

मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट पाहताना विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही पुरोगामी घर आहे, समाजवादी नाथ देवळालीकर आहेत, आणि ज्योतीने निवडलेला अरुण आठवले हा दलित कवी आहे. प्रश्न वंशाचा नसून जातीचा, म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींवर तंतोतंत बसवणे बरोबर नाही. पण बापाच्या परीक्षेची जात एकच. मॅटचा होकार शेवटच्या दहा मिनिटांत येतो; नाथांचा होकार सुरुवातीलाच आलेला असतो, आणि नाटक त्या होकाराची किंमत दाखवत जाते. अरुण जॉनसारखा निर्दोष नाही. तो ज्योतीला मारतो. तेंडुलकरांवर त्यासाठी टीकेची झोड उठली, आणि ती रास्तही असू शकते. मात्र क्रेमर जिथे पडदा पाडतात तिथून तेंडुलकर सुरुवात करतात, हा फरक महत्त्वाचा आहे.

घरच्यांच्या विरोधाचे बाकीचे चेहरे पुढच्या चित्रपटांनी दाखवले. त्यांत भारतीयांच्या सर्वांत जवळचा मीरा नायर यांचा ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१). पटकथा मुंबईच्या सूनी तारापोरवाला यांची. ऑगस्ट १९७२मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. कंपालात वाढलेला वकील जय (रोशन सेठ), त्याची बायको किन्नू (शर्मिला टागोर) आणि लहानगी मीना असे हे गुजराती कुटुंब देशोधडीला लागते आणि अखेर मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी नातेवाइकांच्या मोटेलमध्ये आसरा घेते. मीना (सरिता चौधरी) मोठी होऊन गालिचे धुण्याचा धंदा करणाऱ्या डिमीट्रियसच्या (डेन्झेल वॉशिंग्टन) प्रेमात पडते. इथे मुख्य पात्रांत गोरे कोणी नाही. तपकिरी माणसे काळ्याला नाकारतात.

नायर यांना जे जमले ते क्रेमर यांना सुचलेही नव्हते: विरोध फक्त दिवाणखान्यात बोलला जात नाही, तो पैशातून बोलतो. दोघे एका मोटेलमध्ये सापडतात, मारामारी होते, पोलीस येतात. दुसऱ्या दिवसापासून मोटेलवाले डिमीट्रियसला काम देणे बंद करतात आणि बँक कर्जाची वसुली काढते. ज्या काळ्या माणसाला कालपर्यंत रंगाने सगळे सारखेच असे ऐकवले होते, त्याला आज दार बंद. जयचा विरोध नुसत्या वर्णद्वेषातून येत नाही, हे नायर यांनी सांभाळले आहे. युगांडातल्या जिवलग काळ्या मित्राने, आफ्रिका आता काळ्या आफ्रिकनांची, असे सांगितल्याची जखम तो वीस वर्षे उरात बाळगून आहे. डिमीट्रियस मात्र त्याला तोंडावर सुनावतो की जयच्या आणि त्याच्या कातडीत दोन-चार छटांचाच फरक आहे. मीना होकाराची वाट पाहत नाही. ती डिमीट्रियसबरोबर निघून जाते आणि आईवडिलांना ते फोनवरून कळवते. जोईला जे संवाद मिळाले नाहीत ते मीनाला मिळाले.

क्रेमर यांच्या चित्रपटाचे उलटे रूप २००५मध्ये ‘गेस हू’ या विनोदी चित्रपटात आले: बाप काळा (बर्नी मॅक), जावई गोरा (ॲश्टन कुचर). ते हलकेफुलके आहे आणि तेवढेच. जॉर्डन पील यांच्या ‘गेट आउट’ने (२०१७) मात्र तीच बैठक घेऊन भयपट रचला. गोरी मुलगी काळ्या मित्राला आईवडिलांना भेटवायला नेते. वडील मेंदूचे शल्यविशारद, सुसंस्कृत, ओबामा तिसऱ्यांदा उभे राहिले असते तर त्यांनाच मत दिले असते असे आवर्जून सांगणारे. मॅट ड्रेटनचा पुरोगामीपणा घाबरत घाबरत का होईना खरा होता. इथे तो सापळ्याचे आमिष आहे. आदल्या वर्षी जेफ निकोल्स यांनी ‘लव्हिंग’मध्ये व्हर्जिनियातल्या त्या जोडप्याची कथा न्यायालयातल्या भाषणांना जवळजवळ फाटा देऊन, स्वयंपाकघर आणि अंगणातून सांगितली होती. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत निवड २०१७मध्येच झाली. पुढच्या मार्चमध्ये मूळ पटकथेचे ऑस्कर पील यांना मिळाले. पन्नास वर्षांपूर्वी विल्यम रोझ यांना मिळालेला तोच पुरस्कार, आणि तो मिळवणारे पील हे पहिले कृष्णवर्णीय लेखक.